व्हेनिस पायी पाहताना : अंतर नव्हे, पूल मोजा

व्हेनिसच्या जुन्या शहरात मोटार नाही, स्कूटर नाही, सायकल चालवायलाही बंदी आहे. एक तर पायी चला, नाहीतर बोटीत बसा. शहर तसं लहान. पश्चिमेच्या रेल्वे स्टेशनपासून पूर्वेच्या टोकापर्यंत रमतगमत चाललं तरी सव्वा-दीड तासात पोचता येतं. म्हणून नकाशा पाहून लोक म्हणतात, 'हे तर एका दिवसात होईल', आणि दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतात. कारण नकाशावर पायऱ्या दिसत नाहीत. शंभराहून अधिक छोट्या बेटांवर वसलेलं हे शहर चारशेहून अधिक पुलांनी जोडलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. लहान पुलालाही दहा-पंधरा पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. दिवसभरात तीस-चाळीस पूल सहज होतात. हॉटेल निवडताना, बॅग भरताना, आईवडिलांना सोबत नेताना आधी विचारा : मध्ये पूल किती?

नागपूर सोडण्याआधी

आपलं गाव सपाट. फुटाळ्याला किंवा अंबाझरीला रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याचे पाय चांगले असतात, पण पायऱ्या उतरायची सवय नसते, आणि गुडघा दुखतो तो उतरतानाच. निघण्याआधी महिनाभर आठवड्यातून दोनदा इमारतीचे जिने चढा-उतरा. रविवारी रामटेकला जाऊन अंबाळ्याकडच्या पायऱ्यांनी गड चढा. व्हेनिसमध्ये जे बूट घालणार तेच घाला आणि जी पाठपिशवी नेणार तीच पाठीवर घ्या. बूट नवे असतील तर फोड रामटेकलाच येऊ द्या, तिथे नको. तळवा खाचांचा हवा. पुलांच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या इस्त्रियन दगडाच्या असतात. पावलांनी घासून त्या गुळगुळीत झाल्या आहेत आणि ओल्या झाल्या की भयंकर निसरड्या होतात.

हंगामाचा विचार सुट्ट्यांपासून सुरू करा. एप्रिल-मे हवेला उत्तम, आणि आपल्या शाळांची सुट्टीही तेव्हाच. पण एका दिवसासाठी येणाऱ्यांवरची प्रवेश-फी याच काळात असते. ही फी २०२४ मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक ५४ दिवशी, मुख्यतः शुक्रवार ते रविवार, सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळेत ती लागू होती. किमान चार दिवस आधी भरली तर ५ युरो, उशीर केला तर १०. रात्री व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल तर फी माफ, पण सूट आपोआप लागत नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो आणि तपासनीस तोच मागतात. आपल्या तारखा त्या वर्षीच्या यादीत आहेत का, हे तिकीट काढतानाच बघा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना फीची काळजी कमी, पण भरतीच्या पाण्याची जास्त. त्याबद्दल पुढे.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या इटालियन महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांची व्हिसा फी ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि तो शेंगेन देशांत चालणारा असावा.

खाऊच्या पिशवीत संत्रा बर्फी, पेढे, तूप आणि संत्री अजिबात ठेवू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि केळी, अननस, नारळ अशी मोजकी फळं सोडली तर बाकी ताज्या फळांनाही प्रमाणपत्र लागतं. चिवडा, शंकरपाळे, कोरडी चटणी बिनधास्त न्या. सावजीची सवय असलेल्या जिभेला तिथलं जेवण फार सौम्य लागतं, तेव्हा तिखटाची पुडी वाया जात नाही.

बॅग, मुक्काम आणि पहिला तास

व्हेनिसला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' जमिनीवरच्या उपनगरात आहे, 'व्हेनेत्सिया सान्ता लुचिया' बेटावर. नावात दोन्हीकडे व्हेनेत्सिया असल्यामुळे लोक घाईत मेस्त्रेला उतरतात. उतरायचं शेवटच्या स्टेशनला. मेस्त्रे ते सान्ता लुचिया गाडीने जेमतेम दहा-बारा मिनिटं.

मेस्त्रेला हॉटेलं स्वस्त मिळतात, हे खरं. तरीही आमचा सल्ला, चारपैकी निदान दोन रात्री बेटावरच राहा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात एका दिवसाचे पाहुणे गल्ल्या भरून टाकतात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं व्हेनिस वेगळंच असतं. ते पाहायचं तर सकाळी सहाला खोलीबाहेर पडता आलं पाहिजे.

हॉटेलला दोन प्रश्न आधी लिहून विचारा. जवळच्या बोटीच्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत पूल किती? आणि लिफ्ट आहे का? जुन्या वाड्यांत लिफ्ट बहुतेक नसते. बॅग दर माणशी एक आणि एका हाताने उचलता येईल इतकीच. चाकांचा उपयोग दोन पुलांच्या मधेच होतो.

विमानतळ मार्को पोलो. तिथून ५ नंबरची बस साधारण पंचवीस मिनिटांत पियात्साले रोमाला सोडते. गाड्यांचा रस्ता तिथेच संपतो. पुढे पायी, नाहीतर वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची सिटी बस. २०२५ च्या दरांनुसार तिचं साधं तिकीट ९.५० युरो आणि ते ७५ मिनिटं चालतं. २४ तासांचा पास २५ युरो, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५. पायी फिरणाऱ्याला रोज पास लागत नाही. पोचण्याच्या दिवशी बॅगेसाठी एक साधं तिकीट आणि बेटांच्या दिवशी २४ तासांचा पास, एवढ्यात भागतं. बोटीत चढण्याआधी तिकीट थांब्यावरच्या यंत्राला टेकवा. विकत घेतलेलं पण न टेकवलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि दंडही तसाच.

थांब्यावर धक्के एकाहून अधिक असतात आणि त्यांवर अक्षरं असतात. एकाच नंबरची बोट दोन्ही दिशांना जाते, तेव्हा फलकावर शेवटच्या थांब्याचं नाव वाचूनच चढा. ४.१ आणि ४.२ या बोटी एकाच गोल मार्गावर उलटसुलट फिरतात. चुकीची धरली की पूर्ण शहराला वळसा.

रस्ता कसा शोधायचा

शहराचे सहा भाग आहेत : सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्जो, सान पोलो, दोर्सोदुरो, सान्ता क्रोचे. घरांचे नंबर गल्लीवार नसतात, अख्ख्या भागाला एकच क्रम असतो आणि तो काही हजारांपर्यंत जातो. 'कास्तेल्लो ४५००' एवढ्या पत्त्यावरून तिथला माणूसही घर दाखवू शकत नाही. पत्त्याबरोबर गल्लीचं नाव आणि जवळच्या चर्चचं नाव मागून घ्या. आपल्याकडे नागपूरच्या महाल भागात 'बडकस चौकातून आत, देवळाच्या बाजूला' असं सांगतात, तसाच तिथला पत्ता चर्चवरून सांगितला जातो.

भिंतीवरच्या पांढऱ्या चौकटीत जे लिहिलेलं असतं, त्यातले काही शब्द पाठ असले की अर्धं काम होतं. काल्ले म्हणजे गल्ली. फोंदामेंता म्हणजे कालव्याच्या काठाने जाणारा रस्ता. रिओ म्हणजे छोटा कालवा. रिओ तेरा म्हणजे बुजवलेला कालवा, त्यामुळे तो रुंद आणि बहुधा पुलाविना. सोतोपोर्तेगो म्हणजे इमारतीच्या पोटातून जाणारा बोळ. पुढे वाट नाही असं वाटतं, पण बहुतेक वेळा असते. काम्पो म्हणजे चर्चसमोरचं मैदान. दिवसाची आखणी काम्पोवरून काम्पोकडे करा. गल्ल्या लक्षात राहत नाहीत, काम्पो राहतात.

मोबाइलचा नकाशा अरुंद गल्ल्यांत चुकतो. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. मग माणूस थेट पाण्याच्या पायरीशी जाऊन थांबतो. या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर पाय ठेवू नका. हिरवा थर दिसतो ते शेवाळ असतं. मोबाइल खिशात ठेवून कोपऱ्यांवरच्या पिवळ्या पाट्या बघा : 'पेर रिआल्तो', 'पेर सान मार्को', 'आल्ला फेर्रोव्हिया' (स्टेशनकडे), 'पियात्साले रोमा'. नकाशा आधीच उतरवून ठेवा, पण तो काम्पोत आल्यावर उघडा, तिथे आकाश मोकळं असतं.

ग्रँड कॅनॉल साधारण ३.८ किलोमीटर लांब आणि उलट्या एसच्या आकाराचा. त्यावर पूल फक्त चार : स्टेशनजवळचे दोन, मधला रिआल्तो आणि खालचा आकादेमिया. म्हणून समोरचा काठ दगड फेकावा इतका जवळ दिसला तरी तिथे पोचायला अर्धा तास लागू शकतो. उपाय आहे त्रागेत्तो : दोन नावाडी उभ्याने वल्हवतात अशी साधी गोंडोला, जी फक्त या काठावरून त्या काठावर नेते. भाडं २ युरो, सुटे हवेत.

चालताना उजवी बाजू धरा. फोटोसाठी पुलाच्या माथ्यावर मध्येच थांबू नका. त्याच पुलावरून कुणी कामावर जात असतं, कुणी भाजी घेऊन घरी जात असतं.

पहिला दिवस : कान्नारेज्जो

पोचल्याच्या संध्याकाळी सान मार्कोकडे धावू नका. स्टेशनबाहेर डावीकडे वळा, गुल्ये पुलापर्यंत गर्दीबरोबर जा आणि पूल ओलांडल्यावर डावीकडे कालव्याच्या काठाने आत शिरा. काही मिनिटांत घेत्तो येतं. २९ मार्च १५१६ च्या हुकमाने शहरातल्या ज्यूंना या बेटावर डांबण्यात आलं. रात्री दारं बंद होत. जागा वाढवता येईना म्हणून घरं वर वाढली. इथल्या इमारती आजूबाजूच्यांपेक्षा उंच आहेत आणि खिडक्या एकमेकींच्या फार जवळ, कारण मजल्यांची उंची कमी ठेवली. मैदानात उभं राहून खिडक्या मोजल्या की हे उमगतं. प्रार्थनास्थळं वरच्या मजल्यांवर आहेत, आत जायला मार्गदर्शकाबरोबरची फेरी लागते.

तिथून उत्तरेला ओर्मेझिनी आणि मिझेरिकोर्दिया या फोंदामेंतांवरून पूर्वेकडे चाला. सरळ लांब काठ, पूल कमी, थकलेल्या पायांना हाच रस्ता बरा. मादोन्ना देल्लोर्तो चर्चमध्ये व्हेनिसचा चित्रकार तिंतोरेत्तोची मोठी चित्रं आहेत आणि त्याची समाधीही.

दुसरा दिवस : सान मार्को आणि कास्तेल्लो

सकाळी सातच्या आत चौकात पोचा. चौक रिकामा असतो. बासिलिका, म्हणजे सान मार्कोचं मोठं चर्च, बाहेरून नीट बघायची हीच वेळ, कारण नंतर लोकांची डोकीच दिसतात. आतलं तिकीट वेळेसह आधीच ऑनलाइन काढा, सकाळची पहिली वेळ घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, म्हणून त्या सकाळी ती खोलीवरच ठेवा. आजची इमारत अकराव्या शतकातली, छतावर आणि भिंतींवर ८,००० चौरस मीटरहून अधिक मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं. मान दुखेपर्यंत वर पाहाल, पण फरशीही बघा : खालची जमीन खचल्यामुळे ती लाटेसारखी वरखाली झाली आहे.

इथेच शहराच्या पायाबद्दल. खाऱ्या गाळात लाकडी खुंट दाटीने ठोकून, त्यांवर फळ्या आणि इस्त्रियन दगड रचून इमारती उभ्या केल्या. खुंट पूर्ण बुडालेले असतात, प्राणवायू पोचत नाही, म्हणून लाकूड शतकानुशतकं टिकतं. खारं पाणी दगडाच्या वर विटेपर्यंत चढलं की मात्र ओल आत जाते, मीठ साठतं आणि वीट सुटायला लागते. कालव्याकाठच्या भिंतींचं खालचं प्लास्टर सगळीकडे का गळलंय, ते यामुळे.

मग दोजेचा, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या शासनप्रमुखाचा, महाल, निदान अडीच तास. मोठ्या सभागृहाची लांबी ५३ मीटर, समोरच्या भिंतीवर तिंतोरेत्तोचं 'पारादिझो', रुंदी सुमारे २२ मीटर. महालातून तुरुंगाकडे नेणारा उसाशांचा पूल आतून ओलांडला जातो. घंटेच्या मनोऱ्यावर (उंची ९८.६ मीटर, १९०२ मध्ये कोसळला, १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला) लिफ्ट आहे, पण रांग मोठी. त्याऐवजी सान झक्कारियाहून २ नंबरच्या बोटीने समोरच्या सान ज्योर्ज्यो माज्जोरे बेटावर जा. तिथल्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे, गर्दी कमी, आणि तिथून सान मार्कोसकट सगळं शहर दिसतं.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी बोटीने सान मार्को-व्हाल्लारेस्सो थांब्यावर उतरावं. तिथून चौकापर्यंत पूल लागत नाही. सान झक्कारिया थांब्यावरून लागतात.

चौकात जमिनीवर बसून खाल्लं तर दंड होतो, कबुतरांना दाणे टाकायलाही बंदी आहे. दुपारी कास्तेल्लोत निघा. आर्सेनालेच्या, म्हणजे जुन्या जहाजबांधणी आवाराच्या, दाराशी दगडी सिंह आहेत. त्यांतला मोठा, बसलेला सिंह १६८७ मध्ये ग्रीसच्या पिरेयस बंदरातून आणला. त्याच्या अंगावर उत्तरेकडच्या लोकांनी कोरलेली रून लिपी अजून पुसट दिसते. पुढे व्हिया गारिबाल्दी, कालवा बुजवून केलेला रुंद रस्ता. इथे अजून राहणाऱ्यांची वस्ती आहे, वाळत घातलेले कपडे आहेत. त्यापलीकडे सान पिएत्रो बेट, जिथे फार थोडे प्रवासी पोचतात.

तिसरा दिवस : रिआल्तो ते साल्युते

चार दिवसांत एकच दिवस मिळणार असेल तर हा घ्या. सकाळी आठला स्ट्रादा नोव्हावरच्या सान्ता सोफियाहून त्रागेत्तोने कालवा ओलांडा, बोट थेट मासळी बाजारात उतरवते. मासळी मंगळवार ते शनिवार, आणि दुपारपर्यंत सगळं आवरतं. रविवार-सोमवारी मासळी नसते, त्याप्रमाणे दिवसांची अदलाबदल करा.

पुढे काम्पो सान पोलो. मैदानाच्या मध्ये दगडी विहीर दिसेल. ही विहीर भूजलाची नव्हे. खाली मातीचा लेप दिलेला मोठा खड्डा, त्यात वाळू आणि मध्ये विटांची नळी. मैदान किंचित उतरतं करून पावसाचं पाणी छोट्या दगडी भोकांतून वाळूत सोडत. वाळूतून गाळून ते नळीत जमे. चारी बाजूंनी खारं पाणी असलेलं शहर १८८४ पर्यंत अशाच पाण्यावर जगलं. ती भोकं शोधा, बहुतेक काम्पोंत अजून आहेत.

फ्रारी चर्चमध्ये चित्रकार तित्सियानचं 'आस्सुंता' हे चित्र (१५१८) मुख्य वेदीवर, जिथे रंगवून लावलं तिथेच आहे. आधी दाराशी उभं राहून लांबून बघा, ते त्या अंतरासाठीच काढलंय. शेजारच्या सान रोक्कोमध्ये तिंतोरेत्तोने वीसहून अधिक वर्षं काम केलं. छतावरची चित्रं बघायला हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात, ते जरूर घ्या. दोन्ही मिळून तीन तास.

मग काम्पो सान्ता मार्गेरिता, तिथून दक्षिणेला सान त्रोव्हाझो कालवा. समोरच्या काठावर लाकडी घरासारखं दिसतं ते गोंडोला बांधायचं आणि दुरुस्तीचं आवार. गोंडोला साधारण ११ मीटर लांब आणि मुद्दाम वाकडी : डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद. एकच नावाडी, एकच वल्हं, तेही उजवीकडे. बोट सरळ बांधली असती तर गोल फिरत राहिली असती. उलटी ठेवलेली बोट मागून बघितली की तो बाक लगेच कळतो. बसायचंच असेल तर दर ठरलेले आहेत : दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, आणि हे पूर्ण बोटीचे. पाच जण बसतात. वेळ आणि मार्ग चढण्याआधी ठरवा. ग्रँड कॅनॉलवर बोटींच्या लाटा असतात, आतल्या छोट्या कालव्यांचा मार्ग मागा.

शेवटी त्सात्तेरेचा लांब काठ आणि टोकाला साल्युते चर्च. १६३० च्या प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून बोललेला हा नवस.

चौथा दिवस : बेटं

फोंदामेंते नोव्हेहून १२ नंबरची बोट. सगळे आधी मुरानोला उतरतात, तुम्ही उलट करा : थेट बुरानो (पाऊण तास), तिथून पाच मिनिटांवरचं तोर्चेल्लो, परतताना मुरानो. तोर्चेल्लोचं कॅथेड्रल ६३९ मध्ये स्थापन झालं, व्हेनिसचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधी. मुरानोत १२९१ पासून काचेच्या भट्ट्या आहेत, आगीच्या भीतीने त्या शहरातून तिथे हलवल्या. 'फुकट बोट, फुकट भट्टी' म्हणणाऱ्यांच्या मागे गेलात तर शेवट दुकानातच होतो आणि निघणं अवघड होतं. स्वतःच्या पासवर जा, आणि सान दोनातो चर्चची ११४० ची मोझेक फरशी चुकवू नका.

पाणी चढलं तर

ऑक्टोबर ते जानेवारीत भरती आणि दक्षिणेचा वारा एकत्र आले की पाणी चढतं. महापालिकेचं भरती केंद्र तीन दिवस आधी अंदाज देतं. त्यातले आकडे गल्लीतल्या पाण्याची खोली नव्हे, समुद्राच्या एका ठरलेल्या पातळीपासूनची उंची सांगतात. ८०-८५ सेंटिमीटरला सान मार्को चौकात पाणी शिरू लागतं, ११० ला शहराचा सुमारे १२ टक्के भाग ओला होतो. ३ ऑक्टोबर २०२० पासून मोझे नावाचे दरवाजे खाडीच्या समुद्राकडच्या तोंडांशी उभे केले जातात, पण अंदाज ११० च्या आसपास असेल तरच. म्हणून दरवाजे असूनही ९०-१०० च्या दिवशी चौकात घोटाभर पाणी असू शकतं. घाबरू नका, भरती काही तासांत ओसरते. तेवढ्या वेळात कान्नारेज्जो किंवा सान पोलो बघा. पाण्यावर मांडलेल्या फळ्यांच्या मार्गावरून एकेरी रांगेत, उजवीकडून, न थांबता चाला.

खाणं, पाणी, बाकीचं

शाकाहारींनी 'मासा नको' हे वेगळं सांगावं : 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे'. अंडंही नको असेल तर 'सेन्त्सा उओवा'. वाटाण्याचा भात आणि राजम्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, विचारून घ्या. कट्टर शाकाहारींनी हेही लक्षात ठेवावं की पार्मेझान चीझ वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, बनतं. मार्गेरिता पिझ्झावरच्या मोझारेल्लातही असं रेनेट असू शकतं, विचारून घ्यावं.

बाकारोत, म्हणजे तिथल्या छोट्या वाइन-बारमध्ये, उभ्याने खाल्लं तर स्वस्त. टेबलावर बसलं की माणशी 'कोपेर्तो', म्हणजे बसण्याचा आकार, लागतो. सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे बिलात येतात. काम्पोतल्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरत राहा. सार्वजनिक स्वच्छतागृह १.५० युरो. कॉफी घेतलीत तर बारमधलंच वापरा.

निघायच्या दिवशी विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री हॉटेल ते पियात्साले रोमा हा रस्ता एकदा बॅगेशिवाय चालून पूल मोजून ठेवा, आणि पहाटे त्याच्या दुप्पट वेळ धरा. विमान संध्याकाळचं असेल तर बॅग सान्ता लुचिया स्टेशनच्या सामानघरात ठेवा. उरलेल्या वेळात स्टेशनसमोरचा स्काल्त्सी पूल ओलांडून सान्ता क्रोचेच्या गल्ल्या बघता येतात, आणि परतायला तोच एक पूल लागतो.